लिस्बन दोन दिवसांत: चढ गाडीने, उतार पायाने

लिस्बनचा नकाशा फसवा आहे. फोनवर दोन ठिकाणांमध्ये चारशे मीटर दिसतात आणि आपण म्हणतो, चला, पाच मिनिटांत पोहोचू. प्रत्यक्षात त्या चारशे मीटरांत दीडशे पायऱ्या असतात. हे शहर टेकड्यांवर वसलंय आणि नकाशात टेकडी दिसत नाही. पोर्तुगालच्या राजधानीत टूर कंपनीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर दोन दिवस फिरायचं असेल, तर ठिकाणांची यादी करण्याआधी त्यांची उंची बघा. सकाळी ट्राम, बस नाहीतर लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि मग दिवसभर उतरत नदीकडे यायचं. एवढं जमलं तर साठीच्या आई-वडिलांनाही हे शहर झेपतं. उलटं केलंत तर पंचविशीतला मुलगाही दुपारी तीनला खोलीवर जाऊन झोपेल.

निघण्यापूर्वी

शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी मोठ्यांना ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा दाखवावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून आधी तारीख पकडा, हॉटेलच्या फोटोंवर चर्चा नंतर करा. मुंबईहून थेट विमान नाही. आखाती देशांतून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून बदलून जावं लागतं.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाऊस असतो, आणि इथल्या फुटपाथवर पाऊस म्हणजे नुसती कटकट. पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे हे फुटपाथ शंभर वर्षांच्या पावलांनी घासून गुळगुळीत झालेत. ओले झाले की पाय सटकतो. नवे, कडक तळव्याचे बूट घरीच ठेवा आणि रबरी तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट घाला.

राहायला जागा मेट्रोजवळ घ्या. बाइशा हा मधला सपाट भाग सोयीचा, पण महाग. हिरव्या लाइनवरचे अंजुश, इंतेन्देन्त, अरोइउश हे भाग त्या मानाने स्वस्त आहेत. रोसिऊ चौक तिथून मेट्रोने काही मिनिटांवर आणि डाळ-तांदूळ-मसाल्यांची दुकानंही हाताशी. किल्ल्याखालच्या अल्फामा या जुन्या वस्तीतली 'जुन्या घरातली गोड खोली' फोटोत छान दिसते, पण गाडी दारापर्यंत जात नाही, बॅग पायऱ्यांवरून उचलून न्यावी लागते आणि खोली बहुतेक वेळा लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर निघते. बुकिंगपूर्वी लिफ्ट आहे का, हे नक्की विचारा. हॉटेलच्या भाड्याशिवाय शहराचा पर्यटक कर माणशी रात्रीला ४ युरो पडतो. तो बऱ्याचदा तिथेच भरायचा असतो.

उतरल्यावर पहिलं काम

विमानतळ शहरातच आहे म्हणा ना. बाहेर पडताच मेट्रोची लाल लाइन मिळते. आलामेदाला उतरून हिरव्या लाइनने काइश दू सोद्रेच्या दिशेने गेलात की रोसिऊ, बाइशा-शियादू सगळं वाटेत येतं.

मेट्रो स्टेशनच्या मशीनवर 'नावेगान्त' कार्ड घ्या. कार्डाचे ५० सेंट, आणि माणशी एक कार्ड लागतं. चौघांत एक चालत नाही. त्यावर दोन प्रकारे पैसे भरता येतात. एक, चोवीस तासांचा पास, साधारण ७ युरो. मेट्रो, बस, ट्राम हवी तितकी वापरा. दुसरा 'झॅपिंग', म्हणजे कार्डात रक्कम भरायची आणि प्रत्येक फेरीला ती थोडी थोडी कापली जाते. एका कार्डावर एका वेळी यातला एकच प्रकार राहतो, हे मशीनसमोर रांग लागलेली असताना कळलं तर वैताग येतो. माझा सल्ला असा: पहिल्या दिवशी पास, दुसऱ्या दिवशी झॅपिंग. दुसऱ्या दिवशी लोकल ट्रेन आणि नदीपारची बोट आहे, आणि झॅपिंग त्या दोन्हींवर चालतं. कार्ड नसताना ट्राममध्ये चालकाकडून तिकीट घेतलंत तर जवळपास दुप्पट पैसे जातात.

पहिला दिवस: वरून खाली

२८ ई ही पिवळी लाकडी ट्राम तुम्ही फोटोत पाहिली असेलच. ती मार्तीं मोनीश चौकातून सुटते, अल्फामाच्या बोळांतून घरांच्या भिंतींना खेटून जाते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला कांपू द ओरीककडे निघते. सकाळी आठच्या सुमाराला गेलात तर बसायला जागा मिळेल. दहानंतर रांगच तासभर खाते आणि आत लोकल परवडली अशी गर्दी. या गर्दीत पाकीटमार हमखास असतात. सॅक पाठीवर नको, पोटावर घ्या आणि फोन मागच्या खिशात ठेवू नका. उठायला उशीर झाला तर ट्रामचा हट्ट सोडा, बस किंवा टॅक्सीने वर जा. ट्रामची हौस दुपारी कांपू द ओरीकच्या टोकाकडून बसून भागवता येते. तिथे रांग बरीच कमी असते.

ट्रामने ग्रासाला उतरा आणि थोडं चालून सेन्योरा दू मोन्त या सज्जावर जा. 'मिरादोरू' म्हणजे उंचावरून शहर पाहायची जागा. लिस्बनमध्ये असे सज्जे जागोजागी आहेत आणि त्यांना तिकीट नाही. हा त्यातल्या सर्वांत उंचांपैकी एक. इथे पाच मिनिटं थांबून भूगोल समजून घ्या. समोर किल्ला, त्यापलीकडे तेजू नदीचं समुद्रासारखं रुंद पात्र, उजवीकडे खाली सरळ रेघांत आखलेला बाइशा आणि दूर लाल झुलता पूल. तो पूल १९६६चा. आधी त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४च्या क्रांतीनंतर '२५ एप्रिल' हे नाव मिळालं.

इथून पुढे दिवसभर बहुतेक उतारच आहे. ग्रासाचा सज्जा ओलांडून साउं व्हिसेन्त द फोरा या मठाकडे या. पर्यटकांच्या यादीत हा मठ खालच्या नंबरावर असतो, पण मुंबईकरांनी तो चुकवू नये. आतल्या भोजनगृहाचं ब्रागांझा राजघराण्याच्या दफनगृहात रूपांतर केलंय आणि तिथे कॅथरिन ऑफ ब्रागांझाही आहे. हीच ती राजकन्या, जिच्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी झालेल्या लग्नाच्या १६६१च्या करारात मुंबई बेट हुंडा म्हणून गेलं. विधवा झाल्यावर ती पोर्तुगालला परतली आणि १७०५ मध्ये लिस्बनमध्येच वारली. मठाला तिकीट आहे. निळ्या टाइल्सनी मढवलेले आतले व्हरांडे आणि गच्चीवरचा देखावा त्यातच येतो. मंगळवार किंवा शनिवार असेल तर मागच्या मैदानात 'फैरा दा लाद्रा' हा जुना बाजार भरतो. पितळी कुलपं, तुटक्या टाइल्स, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे. घासाघीस चालते.

मग पोर्ताश दू सोल आणि त्याला लागूनच सांता लुझिया, हे दोन सज्जे. सगळे तिथल्या बोगनवेलीखाली फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरची निळी टाइलचित्रं शोधा. एकात ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक याने मूरांकडून, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, किल्ला जिंकला तो प्रसंग आहे. दुसऱ्यात नदीकाठचा मोठा चौक आणि त्याला लागून राजवाडा. हे चित्र नीट पाहून ठेवा. दोन तासांनी तुम्ही त्याच चौकात उभे असाल आणि राजवाडा तिथे नसेल.

साउं जॉर्ज किल्ल्याचं काय? पंधरा युरोंहून जास्त तिकीट, परत चढ, आणि आज दिसणारी तटबंदी बरीचशी विसाव्या शतकात पुन्हा उभारलेली. रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला तो किल्ला म्हणून फार काही देत नाही. मुलं बरोबर असतील तर जा, आत मोर फिरत असतात. नाहीतर तो वेळ अल्फामाला द्या.

अल्फामात नकाशा बंद करायचा. १७५५च्या भूकंपात बाकीचं शहर कोसळलं, हा भाग बराचसा टिकला, म्हणून इथले बोळ अजून मध्ययुगीन आणि वेडेवाकडे आहेत. दोरीवर कपडे, खिडकीत आजी, दारात शेगडी. जूनच्या १२-१३ तारखांना संत अंतोनियोच्या सणाला या बोळांत सार्डिन मासे भाजायचा धूर कोंडतो. रस्ता चुकला तरी घाबरू नका, उतार धरला की नदीच येते. एक मात्र पाळा: ही लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा उघड्या दारातून आत कॅमेरा घालू नका.

खाली आलात की से, म्हणजे मुख्य कॅथेड्रल, बाहेरून पाहिलं तरी चालेल. त्यापेक्षा नदीच्या बाजूला काझा दुश बिकुश शोधा. याची अख्खी दर्शनी भिंत टोकदार, पैलू पाडलेल्या दगडांनी भरलेली आहे. उन्हं तिरपी असली की प्रत्येक दगडाची सावली शेजारच्या दगडावर पडते. १५२३च्या सुमाराला हे घर बांधलं ब्राश द आल्बुकेर्कने. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्कचा हा मुलगा. भूकंपात वरचे मजले गेले, ते १९८०च्या दशकात पुन्हा चढवले. आज इथे नोबेलविजेते लेखक जुझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा पुरलेली आहे. तळमजल्यावर रोमन काळातले मासे खारवायचे हौद निघाले आहेत.

आता तो चौक. प्रासा दू कोमेर्सिऊ. मेट्रो स्टेशनवर मात्र नाव तेरेइरू दू पासू, म्हणजे राजवाड्याचं अंगण. राजवाडा गेला, नाव राहिलं. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांच्या सणाची सकाळ. चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप झाला, मग नदीतून त्सुनामी आली आणि नंतर कित्येक दिवस आगी धुमसत राहिल्या. राजा पहिला जुझे वाचला, पण दगडी छपराखाली झोपायची त्याला एवढी धास्ती बसली की दरबार आजूदाच्या टेकडीवर लाकडी तंबूवजा महालात हलवला. चौकाच्या मधोमध घोड्यावर ऐटीत बसलेला पुतळा त्याचाच आहे.

खरं काम केलं त्याच्या मंत्र्याने, म्हणजे पुढच्या मार्किश द पोंबालने. चौकातल्या कमानीखालून बाइशात शिरलात की तो आराखडा दिसतो: रस्ते सरळ, इमारती एका उंचीच्या, प्रत्येक धंद्याला गल्ली. सोनारांची वेगळी, चांदीवाल्यांची वेगळी, चांभारांची वेगळी. भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवलाय, जो धक्क्यात लवतो पण मोडत नाही. नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून तो हलवून पाहिला होता म्हणतात.

बाइशातल्या मुख्य रस्त्यावर, रुआ आगुश्तात, कुणीतरी जवळ येऊन हळूच 'हशीश?' असं विचारेल. भर दिवसा, पोलिसाच्या नजरेच्या टप्प्यात. दचकू नका, हुज्जत घालू नका, चालत राहा. याच रस्त्यावर चित्रांचे मेनूकार्ड दाखवून आत ओढणारी हॉटेलं आहेत. तिथे जेवू नका. दोन गल्ल्या आत गेलात की कामगार जिथे दुपारचं जेवतात अशी खानावळ मिळते.

रोसिऊ चौकाच्या कोपऱ्यावर साउं दोमिंगुशचं चर्च आहे. बाहेरून अगदी साधं, म्हणून लोक पुढे जातात. आत जा. १९५९ मध्ये आग लागली, छप्पर कोसळलं. नंतर छप्पर नवं घातलं, पण खांब तसेच ठेवले. उष्णतेने कडा उडालेले, फुटलेले, काळवंडलेले. हाताच्या अंतरावरून दगडाची पापुद्र्यांसारखी निघालेली साल दिसते. मूर्तींच्या मागे रिकाम्या खाचा आणि त्यात रोजची प्रार्थना चालू. मला विचाराल तर लिस्बनमधल्या सगळ्या चर्चांत हे एक पाहिलंच पाहिजे. बाहेर चौकात १५०६च्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. त्याच्याजवळच्या छोट्या गाळ्यात जिंजिन्या ही आंबट चेरीची दारू उभ्याने पेल्यातून मिळते. फळासकट की फळाशिवाय, एवढंच विचारतात.

आता चढ येतो, पण पायाने नाही. बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनला दोन दारं आहेत, एक खाली बाइशात आणि एक वर शियादूत. मध्ये लांबच लांब सरकते जिने आहेत. खालच्या दारातून शिरायचं, गाडी न पकडता वरच्या दारातून निघायचं. सांता जुश्ता हा १९०२चा लोखंडी लिफ्टचा मनोरा देखणा आहे, पण रांगेत तासभर घालवण्याएवढा नाही. खालून मान वर करून बघा. किल्ल्याच्या बाजूलाही रुआ दुश फांकैरुशमधून वर जाणारी फुकट सरकारी लिफ्ट आहे.

फ्युनिक्युलरबद्दल, म्हणजे चढावर केबलने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल, एक गंभीर गोष्ट. ३ सप्टेंबर २०२५ला ग्लोरिया मार्गावरच्या गाडीची केबल तुटून १६ माणसं गेली आणि त्यानंतर शहरातल्या बाकीच्या फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवल्या. जुने लेख-व्हिडिओ पाहून बेत त्यांच्यावर आखू नका. निघण्यापूर्वी काय चालू आहे ते पाहा.

वर शियादूत आल्यावर कार्मू चौकात जाऊन बसा. शेजारी कार्मूच्या मठाचं चर्च आहे, १७५५ला छप्पर गेलेलं आणि मुद्दाम तसंच ठेवलेलं. कमानींच्या बरगड्यांमधून आभाळ दिसतं. याच चौकातल्या पोलिसदलाच्या इमारतीत २५ एप्रिल १९७४ला पंतप्रधान मार्सेलो काएतानू अडकून पडले होते. बाहेर क्रांतीत उतरलेले कॅप्टन साल्गैरू माया यांच्या चिलखती गाड्या आणि हजारो माणसं. संध्याकाळी काएतानूंनी सत्ता सोडली. गोव्याच्या वाचकाला याचा थेट संबंध आहे: गोवा १९६१ला मुक्त झाला तरी सालाझारच्या राजवटीने ते कधीच मान्य केलं नाही. या क्रांतीनंतर आलेल्या सरकारने १९७४च्या डिसेंबरात भारताशी करार करून ते मान्य केलं.

जेवणाचं

टेबलावर बसताच पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नाही. खाल्लंत तर बिलात लागतं. नको असेल तर हसून परत करा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. 'काल्दू वेर्द' हे हिरव्या भाजीचं सूप निरागस दिसतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. आणि कॅफेच्या काचेत मांडलेला 'शामूसा' म्हणजे आपल्याच समोशाचा गोव्याहून नि मोझांबिकहून गेलेला भाऊ, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो. नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर मासा येतो, तेव्हा मांस आणि मासा दोन्ही नको म्हणून सांगा. मार्तीं मोनीशच्या आसपास भारतीय-नेपाळी हॉटेलं भरपूर आहेत आणि मोरारिया भागात गोवन जेवणही मिळतं. मासे खाणाऱ्यांची तर चैनच. चहाबाजांनी 'गालाउं' मागावी, उंच ग्लासातली दुधाळ कॉफी. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळायची अपेक्षा ठेवू नका. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

दुसरा दिवस: बेलें

सोमवार सोडून. जेरॉनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो.

१५ ई ट्रामही जाते, पण काइश दू सोद्रेहून काश्काइशकडची लोकल पकडा. काही मिनिटांत बेलें हा शहराच्या पश्चिमेचा नदीकाठचा भाग येतो आणि बसायला जागा मिळते. उघडायच्या वेळेच्या आधी मठापाशी पोहोचा. चर्चला तिकीट नाही, आतल्या दुमजली व्हरांड्यांना आहे, आणि दोन्हींच्या रांगा वेगळ्या. चुकीच्या रांगेत उभं राहणारे रोज दिसतात. बांधकाम १५०१-०२च्या सुमाराला सुरू झालं. पैसा मुख्यतः आफ्रिका नि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून आला. दगडात दोरखंड, प्रवाळ, गाठी कोरल्या आहेत. चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजव्या हाताला कवी कामोइंशची. गामा १५२४ला कोचीत वारला, पहिलं दफनही तिथेच झालं, काही वर्षांनी अवशेष पोर्तुगालला आणले. कामोइंश स्वतः गोव्यात राहिलेला. गामाच्या कबरीच्या कडेला कोरलेलं जहाज जरा वाकून बघा, शिडावरचा क्रूसही सुटा दिसतो. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा दुपारी जा.

मग पाश्तेइश द बेलें. १८३७ पासून चालू असलेलं दुकान. बाहेरची रांग पार्सलची असते. आत मोठमोठ्या खोल्या आहेत, बसायला जागा त्यामानाने लवकर मिळते. इथले कस्टर्डचे टार्ट गरम घ्या, वरून दालचिनी भुरभुरा. अंड्याचं कस्टर्ड आहे, अंडं न खाणाऱ्यांसाठी पर्याय नाही.

तिथून जवळच राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी महाल आणि त्याच्यासमोरच्या बागेत उंच खांबावर अफोन्सो द आल्बुकेर्क. कालच्या टोकदार दगडांच्या घराच्या मालकाचा बाप. १५१५ला गोव्याच्या समुद्रात, जहाजावरच तो वारला.

नदीकाठचं शोधमोहिमांचं स्मारक आधी १९४०च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं केलं होतं, मग १९६०ला काँक्रीट आणि दगडात उभारलं. समुद्रावरच्या सत्तेची एवढी मिरवणूक, आणि पुढच्याच वर्षी गोवा हातचा गेला. वर जायला तिकीट आहे, मी तरी ते वाचवायला सांगेन. समोर जमिनीवर जगाचा मोठा नकाशा संगमरवरात बसवलाय, तो फुकट आहे आणि जास्त रंजक. आपला किनारा शोधा. पुढे पंधरा मिनिटांवर बेलें मनोरा, १५१९च्या आसपास पूर्ण झालेला. दुरुस्तीसाठी तो बंद असतो अधूनमधून, पण त्याची खरी शोभा बाहेरूनच आहे.

दुपारी परत काइश दू सोद्रेला या आणि त्याच कार्डावर नदीपलीकडच्या कासील्याशची बोट पकडा. पैलतीर दहा मिनिटांवर. पर्यटक बोटींचे चढे दर देऊन लोक जे बघतात तेच इथे रोज कामाला जाणाऱ्यांबरोबर बघायला मिळतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी जा.

रात्री फादू, म्हणजे इथलं पारंपरिक उदास गाणं, ऐकायचं असेल तर अल्फामात. आत शिरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: किमान किती रुपयांचं, म्हणजे युरोंचं, खावं लागतं आणि गाणं किती वाजता सुरू होतं. दिवे मंद झाले की बोलणं बंद. वेटरसुद्धा ताटं वाढायचा थांबतो. तुम्ही फोनवर बोलत राहिलात तर शेजारच्या टेबलवरून 'श्श' येईल आणि ते रास्तच आहे.

सिंत्रा हे जवळचं महालांचं गाव या दोन दिवसांत बसवू नका, त्याला पूर्ण तिसरा दिवस लागतो. आणि परतीचं विमान पहाटेचं असेल तर रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा, कारण मेट्रो साडेसहाला सुरू होते.